गाडीच्या डिकीतले चार डबे

“थांबा! झाकण उघडू नका!” मी पार्किंगमध्ये धावत ओरडले. त्या बाईंनी माझ्याकडे पाठ केली होती आणि जुन्या गाडीच्या डिकीत वाकून त्या एका गंजलेल्या गोल डब्याच्या झाकणाखाली चक्क स्क्रूड्रायव्हर घालत होत्या. जुलैची दुपार, डांबर चटका देत होतं. मी पुन्हा ओरडले. काही उपयोग नाही. मनात म्हटलं, काय बाई आहे, नव्वदीला टेकलेली, पण ऐकत म्हणून नाही! शेवटी पोचले आणि त्यांचं मनगटच धरलं. तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सपाट, एकसुरी आवाजात म्हणाल्या, “हळू बोल आणि तोंड माझ्याकडे ठेव. मी बहिरी आहे.”

रूथची आणि माझी ओळख ही अशी झाली.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “शैलाकाकू, तुमच्या जॉबवर लिहा ना, पण फार टेक्निकल नको हां.” आता, टेक्निकल वगळलं तर माझ्या कामात उरतं काय? वास आणि भीती! तेव्हा थोडं सोसा. इथे मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये आमचे हे गाड्यांच्या कंपनीत लागले, मी नागपूरची केमिस्ट्रीची एमेस्सी, डिपेंडंट व्हिसावर घरी बसून पोळ्या लाटत होते. ग्रीन कार्ड झाल्यावर तासाभराच्या अंतरावरच्या एका फिल्म-संग्रहालयात नोकरी मिळाली, ती थेट रिटायर होईपर्यंत केली. लोकांना वाटायचं मी सिनेमे बघते. मी सिनेमे कधी बघितलेच नाहीत, मी ते मरण्यापासून वाचवत होते. अर्थात, जमेल तेवढे.

जुन्या काळी सिनेमा ज्या फिल्मवर काढत ती नायट्रेटची. बंदुकीच्या दारूची सख्खी चुलत बहीण. एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. त्यात ती सडते. आधी घामेजल्या मोज्यांसारखा वास, मग काकवीसारखा चिकटपणा, शेवटी तपकिरी भुकटी. आणि सडलेली फिल्म नुसत्या उन्हाच्या तापानेसुद्धा पेटू शकते. आता कळलं ना मी का धावले? त्या बाईंनी चार डबे भर उन्हात, हायवेवरून, डिकीत घालून आणले होते. दिवाळी अंकात फटाक्यांवर लिहायचा मान माझाच आहे.

डबे आम्ही एकेक करून, श्वास रोखून, थंड खोलीत नेले. आम्ही म्हणजे मी आणि ग्रेग. ग्रेग आमचा स्कॅनिंगवाला, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया, बोलण्यात कंजूष. डबे आत गेल्यावर रूथ दाराशी आल्या आणि पायपुसण्यावर बूट घासत राहिल्या. घासतायत, घासतायत. बाहेर चिखलाचं नावसुद्धा नव्हतं.

“झालं की हो स्वच्छ,” मी म्हटलं.

“सवय आहे. आजीने लावलेली.”

तर ही आजी म्हणजे कोरा, आणि डब्यांतली फिल्म तिने लिहिलेली. मिशिगनच्याच एका शेतकऱ्याची पोर. सिनेमा मुका होता, पुरता रांगतही नव्हता, तेव्हा कंपन्यांना दर आठवड्याला नवी गोष्ट लागायची, आणि ती कुणीही पोस्टाने पाठवावी अशी पद्धत होती. कोराने पाठवली. घेतली गेली. दुसरी पाठवली, तीही गेली. मग एक दिवस ती बॅग भरून कॅलिफोर्नियाला निघून गेली. तिची आई कडक धार्मिक. सिनेमा म्हणजे सैतानाचं दुकान. तिने सांगितलं, गेलीस तर या दारात परत यायचं नाही. कोरा गेली. आईने नंतर एका पत्राचंही उत्तर दिलं नाही.

मुक्या सिनेमाला लेखक कशाला, असं मला आमच्या ह्यांनी विचारलं होतं, आणि तुम्हीही विचाराल. अहो, कोण कुठून येतं, काय करतं, कॅमेऱ्याने चेहरा कधी जवळून घ्यायचा, हे सगळं लेखकच कागदावर मांडायचा. आणि मधे मधे पडद्यावर मजकुराच्या पाट्या यायच्या, त्या शब्दांवर त्याचा जीव. कोरा शूटिंगलाही जायची, दिग्दर्शकाशेजारी खोक्यावर बसून. रूथ हसत सांगायच्या, “नटांशी तिची रोज भांडणं. आवाज नाही म्हटल्यावर ते प्रेमाच्या सीनमध्ये हिरॉइनच्या डोळ्यात बघून जेवणाला काय आहे ते विचारायचे. आजीला ते खपायचं नाही. म्हणायची, मी लिहिलंय तेच बोला, कुणाला ऐकू येत नसलं तरी.”

मीही हसले. गंमत म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढे बोलपट आले आणि कंपनीने न्यूयॉर्कहून नाटकं लिहिणारे पुरुष आणले. कोराचा करार संपला तो संपलाच. कंपनी बुडाली तेव्हा जुन्या फिल्म जाळून त्यातली चांदी काढत होते. कोराने आपल्या एका सिनेमाच्या निगेटिव्हचे चार डबे उचलले आणि गाव गाठलं. तोवर तिची आई मातीत गेली होती. रूथ म्हणाल्या, “आजी घरी पोचली तेव्हा दाराशी कुणीच नव्हतं. एवढंच सांगायची, पुढे गप्प.” डबे तळघरात ठेवले. मिशिगनची थंडी म्हणून वाचले इतकी वर्षं.

नातीला लहानपणी ताप आला आणि तिचे कान गेले. घरात सगळे रडत बसले. रडली नाही ती एकटी कोरा. तिने पोरीला समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. “आवाजाशिवाय गोष्ट कशी सांगायची हा तर तिचा धंदाच होता,” रूथ म्हणाल्या.

आणि आता रूथचे डोळे चालले होते. नजरेच्या मधोमध धूसर डाग, आणि तो वाढत होता. डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देत होते, पण थंडी येईपर्यंत काय उरेल ते सांगता येत नाही म्हणाले होते. माणसांचे चेहरे आत्ताच पुसट झालेले. माझं बोलणं तर त्यांना निम्मंही कळत नसे. “तुझे ओठ कुठल्या देशाचं इंग्लिश बोलतात?” असं विचारलं त्यांनी! मग मी फोनवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवायचे.

“मला एकदा आजीचा सिनेमा बघायचाय,” त्या म्हणाल्या. “तिचे शब्द वाचायचेत. डोळे असेपर्यंत. होईल?”

होईल म्हणायला माझं काय जात होतं? पण आमच्याकडे रांग असते. कमिटी बसते. कंपनी बुडालेली, सिनेमाचं नावही कुणाला ठाऊक नाही, अशा फिल्मचा नंबर दोन वर्षांनी लागला असता. मी डायरेक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मी डिसेंबरात रिटायर होतेय, निरोपाचा केक नको, फुलं नकोत, हे चार डबे द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज जरा चढला होता म्हणे. डबे मिळाले.

पहिले दोन बरे निघाले. तिसरा उघडला आणि ग्रेगने नुसती मान हलवली. आत तपकिरी भुकटी, कॉफीच्या डब्यासारखी. तो पाण्याच्या पिंपात टाकून धोकादायक कचऱ्यात दिला. चौथ्यात फिल्म होती, पण कडा एकमेकींना चिकटलेल्या. दमट हवेत पापडांची चळत बसते ना, तशी.

आणि पाट्या? पाट्यांचं दुखणं निराळंच. निगेटिव्हमध्ये पाटी पूर्ण लांबीची ठेवतच नसत, फिल्म महाग. दोन-तीन चौकटींपुरता मजकूर घ्यायचा, दोन्ही बाजूंनी डिंकासारख्या सोल्यूशनने जोडायचा, आणि प्रत काढताना तो तेवढाच वाचण्याइतका लांबवायचा. पद्धत उत्तम, काटकसरीची. पण फिल्म सडते ती सांध्यापासून. आणि दोन सांध्यांच्या मधे होते कोराचे शब्द. पहिल्या दोन डब्यांत जिथे जिथे पाटी असायला हवी तिथे तिथे माझ्या बोटांना लागली भुकटी. चित्रं शाबूत, अक्षरं साफ गेलेली. एक ओळ नाही, एक शब्द नाही. सिनेमाचं नाव नाही, लिहिणारीचं नाव नाही.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? त्याच आठवड्यात रूथ आल्या. मी तोंडाला जाड मास्क लावून फिल्मवर वाकले होते. त्यांनी काचेवर टकटक केली आणि हाताने विचारलं, काय? मी मास्कमागून काहीतरी बोलले. त्यांना माझे ओठ दिसणार नव्हते, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी मान डोलावली, ‘छान’ म्हणून अंगठा वर केला आणि गेल्या.

“सांगितलंस?” ग्रेगने विचारलं.

“सांगितलं.”

“मास्क लावून?”

मी म्हटलं, तू तुझ्या बिया खा.

चौथ्या डब्याचं काम सप्टेंबरभर चाललं. थंड खोली, धूर ओढणारा पंखा, हातात हाडाची पातळ पट्टी. चिकटलेल्या दोन थरांमध्ये पट्टी सरकवायची, केसभर पुढे, थांबायचं. जोर दिला की चित्र सोलून येतं, अंड्याच्या कवचाचा पापुद्रा येतो तसं. फिल्म परत गुंडाळायची सोय नाही, सुटली की सरळ ग्रेगच्या मशीनवर. एकच संधी. एकदा मधेच फटकन आवाज झाला, आणि आम्ही दोघं पुतळ्यासारखे उभे राहिलो, नाकाने जळका वास शोधत. काही नव्हतं, नुसती सुरकुती सुटली होती. ग्रेग खाली बसला.

“सोडून देऊ या,” तो म्हणाला. “शब्द नाहीत, मधला डबा नाही. हिला गोष्टसुद्धा कळणार नाही, शैला. कशासाठी जीव धोक्यात घालायचा?”

तो चुकीचं बोलत नव्हता. मीही दोन दिवस त्याच विचारात होते. घरी ह्यांनी विचारलं, “अगं, पेन्शनच्या तोंडावर ही काय हौस?” मी ताट सरकवून उठले. खरं सांगायचं तर मला त्या बाईंच्या डोळ्यांचा राग आला होता, की थांबत का नाहीत हे! तिसऱ्या दिवशी मी पुन्हा पट्टी हातात घेतली. ग्रेग मशीनपाशी जाऊन बसला.

शेवटचा वेढा सुटला तेव्हा ऑक्टोबर लागला होता. पाट्यांची यातही भुकटीच झालेली. झाडं लाल झाली होती. स्कॅन पुरा झाल्यावर चौथ्या डब्यातली फिल्म आमच्या डोळ्यांदेखत मऊ पडली आणि तीही पिंपात गेली.

मी लॅपटॉप घेऊन रूथच्या घरी गेले. सामान बांधलेलं होतं, त्या वृद्धाश्रमात जायच्या तयारीत. आधी फोनवर मोठ्या अक्षरात टाइप केलं : ‘पाट्या सगळ्या गेल्या. आजीचा एकही शब्द वाचला नाही. नुसती चित्रं आहेत. सॉरी.’ त्यांनी फोन डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून वाचलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, “दाखव.”

मी सुरू केलं. त्या मान इकडे वळवतायत, तिकडे वळवतायत, नाक स्क्रीनला टेकलेलं. थोड्या वेळाने लॅपटॉप त्यांनीच बंद केला.

“राखाडी ठिपके हलतायत,” म्हणाल्या. “उशीर झाला, शैला. तुझा दोष नाही.”

परतीच्या वाटेवर मी हायवेच्या कडेला गाडी लावून रडले. ग्रेगला फोन केला, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “लॅपटॉपवर का दाखवलंस? आपल्याकडे थिएटर आहे ना? तिथे एक चेहरा भिंतीएवढा होतो.”

अगं बाई! इतकी वर्षं थिएटरच्या इमारतीत काम करून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात सकाळी रूथना आणलं. दाराशी पुन्हा बूट घासून झाले. पहिल्या रांगेच्याही पुढे, पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ठेवली. त्या तिरक्या बसल्या, मधला डाग चुकवून डोळ्याच्या कडेने बघायला. ग्रेगने दिवे घालवले.

शेत. कोठार. एक तरुण मुलगा आणि त्याची आई, दोघं तावातावाने भांडतायत. रूथ पुढे झुकल्या. मुलाचा चेहरा जवळून आला, पूर्ण पडदाभर, ओठ भरभर हलतायत.

“हळू!” रूथ ओरडल्या. “हळू करा. माणसं इतकं भराभर बोलत नाहीत!”

मी आणि ग्रेगने अंधारात एकमेकांकडे पाहिलं. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, प्रत्येकाचा वेग वेगळा. आम्ही तो माणसाच्या चालण्यावरून, पडणाऱ्या पाण्यावरून अंदाजाने ठरवतो. ग्रेगने वेग उतरवला. अजून, त्या म्हणाल्या. अजून थोडा. आणि मग हात वर केला. “आता बरोबर.”

आणि त्या बोलू लागल्या. त्यांच्या सपाट आवाजात, पडद्यावरच्या ओठांबरोबर. “मी इथे कुजणार नाही, आई.” मग आईच्या चेहऱ्यावर, “तर मग जा. पण हे दार बंद असेल.”

मला कोराचं वाक्य आठवलं. मी लिहिलंय तेच बोला, कुणाला ऐकू येत नसलं तरी. कोरा त्या खोक्यावर बसून भांडली होती आणि नटांनी निमूट तेच म्हटलं होतं. शब्द पाट्यांवर नव्हतेच फक्त. ते तोंडांत होते, आणि आमच्यातल्या एकालाही ते दिसले नव्हते.

सगळं नाही वाचता आलं. ओठांवर जेमतेम अर्धं दिसतं, बाकी अंदाज, असं त्या मधेच सांगायच्या. कुणी पाठ फिरवली की चिडायच्या. तिसरा डबा नव्हताच, मुलगा शहरात गेला आणि एकदम चौथा सुरू झाला. त्यात मुलगा दाढी वाढलेला, फाटका, पावसात भिजत शेतावर परत येतो आणि मागच्या दाराशी उभा राहतो. चित्र कडेने डागाळलेलं, मधे मधे उड्या मारणारं. मी मुठी आवळल्या होत्या. हा तुकडा मी केसाकेसाने सोडवला होता. आईचा चेहरा कुठे टिकलाय नि कुठे नाही, मला तोंडपाठ होतं.

दार उघडतं. आई. ती बघत राहते. मग कॅमेरा जवळ जातो, तिचा चेहरा पडदाभर, आणि तिचे ओठ हलतात. एकच छोटं वाक्य. चित्र थरथरलं आणि पुढे गेलं.

रूथ पडद्याकडे तशाच झुकून राहिल्या.

“नाही कळलं?” मी विचारलं आणि जीभ चावली, त्यांना अंधारात माझे ओठ काय दिसणार! ग्रेगने आपण होऊन तेवढाच तुकडा मागे घेतला. पुन्हा दार, पुन्हा आई, पुन्हा ओठ. पुन्हा एकदा.

रूथ हसू लागल्या. मोठ्याने, कर्कश, ज्याला स्वतःचा आवाज ठाऊक नाही अशा माणसाचं हसू. आणि हसता हसता त्यांचे खांदे गदगदू लागले. मी दिवे लावायला सांगितले आणि धावत जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“मला वाटलं ती म्हणेल, मी तुला क्षमा केली,” त्या म्हणाल्या. “सिनेमात तसंच म्हणतात ना? ही म्हणते, ‘पाय पूस.’”

मला कळेना.

“आजी रोज म्हणायची. मागच्या दाराने कुणीही आलं, मी, पोस्टमन, पाद्री, तरी पाय पूस, आत ये. आम्ही कंटाळायचो. मला वाटायचं हिला चिखलाचा राग आहे.” त्यांनी माझा हात धरला. “आजी घरी आली तेव्हा दाराशी कुणी नव्हतं, शैला. तिला हे कुणी म्हटलंच नाही. घरी यायच्या आधी तिने ते एका नटीकडून म्हणवून घेतलं होतं, आणि मग स्वतःच जन्मभर दुसऱ्यांना म्हणत राहिली.”

ग्रेग मागे प्रोजेक्शनच्या खिडकीत उभा होता. त्याच्या तोंडात बिया नव्हत्या.

नंतर कमिटीने विचारलं, रूथनी वाचलेल्या ओळींच्या नव्या पाट्या करायच्या का? रूथनी बाकी सगळ्यांना हो म्हटलं, एकीला सोडून. तिथे पाटी घालू नका म्हणाल्या, लोकांना ओठ बघू द्या. तसंच ठेवलंय. आमच्या कॅटलॉगमध्ये सिनेमाचं नाव अज्ञात आहे, पण लेखिकेच्या रकान्यात कोराचं नाव मी रिटायर व्हायच्या आठवड्यात स्वतः टाइप केलं. केक त्यांनी आणलाच, आणि गोड मेलं इतकं की खाववेना.

आता रूथ वृद्धाश्रमात असतात. कान नाहीत, आणि डोळ्यांनाही कडेच्या पुसट सावल्यांपलीकडे काही कळत नाही. बोलायचं झालं की मी त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढते. महिन्यातून एक-दोनदा जाते, ह्यांना म्हणते डॉक्टरकडे सोडा आणि येताना तिकडे वळा. त्यांच्या खोलीत लाकडी जमीन आहे. दारावर टकटक करून उपयोग नाही, हाक मारून नाही. म्हणून मी दाराशी उभी राहते आणि पायपुसण्यावर चपला जोरजोरात घासते. जमीन थरथरते, त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचते. त्या मान वर करतात, भलत्याच दिशेला बघून हसतात आणि म्हणतात, “आत ये.”